आहेरांच्या होडीवरचा बंब

आहेर,

स्मरणिकेच्या मंडळींनी मला तुमच्यावर लिहायला सांगितलंय. कॉलनीला पंचवीस वर्षं होताहेत, म्हणून प्रत्येक इमारतीतला एक 'वेगळा माणूस' निवडायचा, त्याच्यावर दोन पानं आणि सोबत त्याचा हसरा फोटो. आपल्या इमारतीतून तुमचं नाव एकमतानं निघालं. त्यांच्या छंदाबद्दल जरा खुसखुशीत लिहा, असं सेक्रेटरी म्हणाले. मी म्हटलं, लिहीन, पण त्यांच्याबद्दल लोकांना सांगण्यापेक्षा त्यांनाच सांगेन. लोकांनी हवं तर जिन्यात उभं राहून ऐकावं. आणि छंद हा शब्द मी वापरणार नाही. छंद म्हणजे तिकिटं जमवणं, गुलाबाची कलमं करणं. तुमचं जे आहे त्याला माझ्या लहानपणी साधा शब्द होता, खूळ.

माहिती द्यायची तर तीही देते, नाहीतर मंडळी कुरकुरतील. धोंडीराम आहेर, मूळचे नामपूरचे. घर कांद्याचं. गावाला नदी आहे, पण वर्षातला बराच काळ तिच्यात पोरं क्रिकेट खेळतात. अशा गावच्या माणसानं पुढं होडी घ्यावी याचं लोकांना फार कौतुक वाटतं, मला अजिबात वाटत नाही. ज्यानं पाणी पाहिलेलं नसतं तोच पाण्याला भुलतो. तुम्ही नाशकात येऊन आयटीआय केलंत, सातपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलात आणि फोरमन होऊन निवृत्त झालात. मध्ये कंपनीनं तुम्हाला कसल्याशा मशीनसाठी मुंबईला धाडलं होतं. तिथं रविवारी समुद्रावर शिडाच्या होड्या पाहिल्यात आणि डोक्यातला एक नट ढिला झाला. एवढ्या वर्षांत इतक्या मशिनींचे नट आवळलेत, तो एक मात्र तसाच राहिला.

हात तुमचा चांगला आहे, हे मान्य. खोट आहे ती कानात. कोणी काय मागितलं हे तुम्ही शेवटपर्यंत ऐकतच नाही. चंद्रभागाबाईंनी, म्हणजे तुमच्या पत्नीनं, स्वयंपाकघरातल्या खिडकीची मोडलेली कडी बदलून मागितली होती. कडी. हार्डवेअरच्या दुकानात पुडीत बांधून मिळते ती. तुम्ही त्या खिडकीला दोरी, कप्पी आणि लोखंडी वजन लावलंत. खिडकी आता ओट्यापाशी उभं राहून एका बोटानं उघडते. बंद मात्र होत नाही. पावसाळ्यात ती बाई पोळपाट आडवा लावून पोळ्या भाजते, आणि तुम्ही आलेल्यागेलेल्याला बोट लावून खिडकी उघडून दाखवता.

होडी तुम्ही निवृत्तीनंतर घेतलीत. मुंबईच्या कुणा हौशी माणसानं ती गंगापूर धरणावर आणून टाकली होती आणि त्याची हौस फिटली होती. लहानशीच. एक डोलकाठी, दोन शिडं, मागं बसायला दोन्ही बाजूंना बाकडी, मध्ये एक ठेंगणी खोली, जिच्यात माणूस बसू शकतो पण उभा राहू शकत नाही, आणि वारा पडला तर घरी यायला शेपटाला एक छोटी मोटर. तिची डागडुजी करायला तुम्ही ती ट्रॉलीवर घालून सरळ आपल्या पार्किंगमध्ये आणलीत. दोन गाड्यांची जागा गेली. सभेत भांडणं झाली. त्या सभेत मी तुमच्या बाजूनं बोलले होते, कारण त्या गाड्यांचे मालक मला तुमच्याहून जास्त कंटाळवाणे वाटतात.

मग तुम्ही होडीवर सुबक अक्षरांत बायकोचं नाव रंगवलंत आणि तिला खाली बोलावून दाखवलंत. चंद्रभागाबाईंनी ते वाचलं. म्हणाल्या, "म्हंजे लोक माझ्या नावावर पाय देऊन वर चढणार?" दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यावर निळा रंग मारलात. तेव्हापासून होडी बिननावाची आहे, आणि चंद्रभागाबाई तिच्यात कधी चढलेल्या नव्हत्या.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. गेल्या हिवाळ्यात मात्र तुमच्या महेशचा पुण्याहून फोन आला. सूनबाई तेजस्विनी बाळंतपणाची रजा संपवून कामावर जाणार, लहानग्या आरोहीला पाळणाघरात ठेवायला तिचं मन घेत नव्हतं. आईनं यावं. चंद्रभागाबाई हो म्हणाल्या. उन्हाळा संपला की जायचं ठरलं. ती पाहुणी म्हणून जात नव्हती, हे तुम्हाला कळत होतं. मूल शाळेत जाईपर्यंत, मग शाळेतून आणण्यासाठी, मग दुसरं झालं तर त्याच्यासाठी. बायका अशाच जातात आणि परत येतात त्या पाय दुखायला लागल्यावर. तुम्ही तर सांगून टाकलंत की मला पुण्यात चार दिवसांवर करमत नाही, मी येऊनजाऊन राहीन. मग एका संध्याकाळी पार्किंगमध्ये, होडीला पॉलिश करता करता, खाली मान घालून मला म्हणालात, "मॅडम, ही जायच्या आधी एकदा हिला पाण्यावर न्यायचीय. धरणात रात्र काढायची. सकाळी डोळे उघडले की चारी बाजूंनी पाणी. एकदाच."

तुम्ही जन्मात बोललेलं ते सगळ्यात शहाणं वाक्य होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

मी म्हटलं, मग तिला सांगा. तुम्ही सांगितलंत, माझ्या देखत. चंद्रभागाबाई तिथंच पायरीवर वाटाणे सोलत होत्या. त्यांनी हातातली शेंग पुरी केली आणि म्हणाल्या, येईन. पण सकाळी न्हायला ऊन पाणी पाहिजे. पारोशी मी चहाला हात लावत नाय, आणि तुमच्या धरणातलं गार पाणी माझ्या गुडघ्यांना चालायचं नाय.

अट फार मोठी नव्हती. ज्या बाईनं लग्न झाल्यापासून आंघोळ केल्याशिवाय चूल पेटवली नाही, तिनं एवढंच मागितलं. माझं स्वतःचं असलं काही नाही, मी तोंड धुवायच्या आधी चहा पिते. पण दुसऱ्याचा नेम मला कळतो.

होडीत चहापुरती एक छोटी शेगडी होतीच. मी तेव्हाच म्हटलं, आहेर, एक मोठं पातेलं ठेवा, कड आला की बादलीत ओता, गार पाणी मिसळा, संपलं. तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत जणू मी तुम्हाला नापास केलं. "पातेल्यात काय मॅडम," म्हणालात, "ते कुणीही करेल."

आणि तिथून खरी कथा सुरू होते, जिला स्मरणिकेवाले छंद म्हणतात.

आधी तुम्ही दुकानातून गॅसचा गीझर आणलात, भिंतीवर लावायचा, पांढरा, देखणा. तो त्या बसक्या खोलीत ठोकणार होतात. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला खाली यावं लागलं. बंद जागेत गॅस जळतो तेव्हा हवेतला ऑक्सिजन संपतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि ती झोप उतरत नाही. तुम्ही म्हणालात, खिडकी ठेवू. खिडकी कशी ठेवता ते मी पाहिलेलं होतं, पण ती उलट आहे, बंद होत नाही, हेही आठवलं. मग म्हटलं, पाऊस आला, वारा आला, की बाई ती झडप आतून लावून घेईलच. तुम्ही तिला पाण्यावर न्यायचं म्हणता की पाण्यात सोडायचं?

तो परत गेला, पण त्याआधी आणखी एक झालं. त्याला वरून दाबानं पाणी लागतं, आणि होडीला वरती काय असतं? डोलकाठी. तर तुम्ही ते करून पाहिलंत. पार्किंगमध्ये पाण्याचा एक मोठा कॅन दोरीनं डोलकाठीच्या शेंड्यावर चढवलात. ट्रॉलीवरची होडी आधी थोडी लाजली आणि मग सबंध एका बाजूला गेली. वॉचमन मंगळूनं खांदा दिला म्हणून खालच्या मजल्याच्या खिडकीच्या काचा वाचल्या. माणूस बिचारा दुपारभर दंड चोळत होता.

मग सूर्य. टपावर काळ्या पाइपाची वेटोळी, त्यात पाणी, उन्हात तापणार. तापलंही, हात भाजेल असं, दुपारी दोन वाजता. चंद्रभागाबाई उजाडायच्या आत न्हातात हे तुम्हाला संसार करून इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं की काय? तुम्ही म्हणालात, रात्रभर थर्मासमध्ये ठेवू. एवढा थर्मास कुठं मिळतो याचा तपास करत तुम्ही दूध डेऱ्यांमध्ये हिंडलात. मग बॅटरी. इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाण्यात बुडवायची हिटरची कांडी जोडलीत. एक बादली पाणी तापवायला किती वीज लागते हा नववीच्या पोराचा हिशेब आहे. मी तो तुम्हाला करून दाखवला, तुम्ही मान डोलावलीत आणि तरी कांडी लावलीत. पाणी कोमट झालं, बॅटरी मेली आणि त्या रात्री दिवे गेले तेव्हा तुमच्या घरी मेणबत्ती होती.

हे सगळं चाललं असताना चंद्रभागाबाई काय करत होत्या? पुण्याला न्यायच्या वस्तू बांधत होत्या. नातीसाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत होत्या. मला एकदा म्हणाल्या, ह्यांचं होईस्तोवर आरोही शाळेत जाईल.

शेवटी तुम्हाला बंब आठवला. नव्या पोरांना सांगायला हवं, म्हणून सांगते. बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप, मधून धुराडं, खाली जाळी, जाळीवर विस्तव, बाजूला तोटी. वरून गार पाणी घालायचं, खालून ऊन काढायचं. आमच्या पिढीची सगळी आंघोळ त्याच्यावर झाली. भांडीबाजारातून तुम्ही एक जुना, जाड पत्र्याचा उचलून आणलात, चिंच लावून असा लखलखीत केलात की त्यात तोंड दिसावं. मला वाटलं, चला, आली अक्कल. विस्तव उघड्यावर राहील, धूर वर जाईल, वीज नको, दाब नको. बंब काही वाईट निवड नव्हती.

पण तो लावायचा कुठं?

साधा माणूस म्हणेल मधोमध, जिथं वजन बसेल. तुम्ही फोरमन. तुम्हाला हे मी सांगायला नको. पण तुमच्या मनात आलं की बायकोनं आणखी काही कारण काढायला नको. अग्नी आहे, तर तो आग्नेयेला हवा. तिनं वास्तूचा 'व' काढला नव्हता. तुमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात ओटा पश्चिमेला आहे आणि त्यावर ती बाई आनंदानं भाकऱ्या थापते. तरी तुम्ही मोबाइलवर होकायंत्र उघडून पार्किंगमध्ये उभे राहिलात. होडीचं नाक फाटकाकडं, म्हणजे पूर्वेला होतं. त्यामुळे आग्नेय कोपरा आला पुढं आणि उजवीकडं, बरोबर पुढच्या शिडाखाली. तिथं तुम्ही खडूनं फुली मारलीत.

मी गच्चीवरून पाहत होते. खाली येऊन विचारलं, "आहेर, होडी पाण्यात गेल्यावर वळणार की नाही?"

"वळणार ना."

"मग आग्नेय कुठं जाईल?"

तुम्ही खडू कानावर ठेवलात. म्हणालात, "मॅडम, बसवताना दिशा बघायची असते. नंतर घर काय फिरत नाही."

"ही होडी आहे."

"तत्त्व तेच," म्हणालात.

 मी वर जाऊन वर्तमानपत्र वाचलं.

भद्रकालीतल्या हनीफभाईंना तुम्ही वेल्डिंगला बोलावलंत. त्यांनी लोखंडी बैठक केली, बंबाच्या कमरेला पट्टा घातला, धुराड्याला टोपी लावली. काम झाल्यावर मागं सरून पाहिलं आणि म्हणाले, "चाचा, एवढा शाही चूल्हा बांधलाय, तर बिर्याणीच लावा की. नुसतं पाणी का तापवता?" तुम्हाला ती स्तुती वाटली. एक मात्र तुम्ही फार डोकं लावून केलंत, तेही सांगते, नाहीतर अन्याय होईल. धरणाचं पाणी अख्खं नाशिक पितं, त्यात साबण जाऊ नये म्हणून सांडपाणी साठवायला फळीखाली एक कॅन बसवलात, नळी लावून. म्हणजे आंघोळीनंतर पाणी कुठं जाईल, इथपर्यंत तुमचा विचार पोचला होता. हे लक्षात ठेवा.

होडी धरणावर गेली. पाण्यात उतरवल्याबरोबर ती पुढं आणि उजवीकडं झुकली, पडसं झालेल्या माणसासारखी. तुम्ही डाव्या बाजूला वाळूच्या गोण्या टाकल्यात. पहिल्या चाचणीला शीड उभारून बंब पेटवलात, ठिणगी उडाली आणि पुढच्या शिडाला बशीएवढं भोक पडलं. तेव्हा ठरलं की बंब पेटलेला असताना शिडं गुंडाळून ठेवायची. शिडाच्या होडीवर. मुंबईपासून ज्यांच्यावर जीव टाकलात ती शिडं तुम्ही पाणी तापवण्यासाठी दोरीनं करकचून बांधलीत, आणि तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

रात्रीच्या मुक्कामाची परवानगी काही मिळाली नाही. मिळणार नाही हे कोणीही सांगितलं असतं. तोवर जायचा आठवडा येऊन ठेपला होता. मग रात्रीचं रद्द करून पहाटेचं ठरलं. उजाडायला पाण्यावर, तिथं सूर्योदय, आंघोळ, चहा, आणि घरी. चंद्रभागाबाई म्हणाल्या, ताई आल्या तर येते. म्हणून मी. आणि मग त्या अगदी सरळ मनानं म्हणाल्या, रात्री राहायचं नाय ना, मग मी घरीच न्हाऊन येते. गीझर आहेच घरात.

किती सोपं होतं, आहेर. तिनं दार उघडून दिलं होतं. न्हालेली, वेणी घातलेली बायको, पाण्यावर, चहाचा कप हातात. जे मागत होतात ते सगळं.

तुम्ही म्हणालात, "मग बंब कशाला केला?"

आणि रुसलात. जेवताना बोलला नाहीत. खाली जाऊन रिकाम्या ट्रॉलीवर बसून राहिलात. बाईनं एक दिवस पाहिलं, दुसऱ्या दिवशी म्हणाली, बरं. तिकडं न्हाते.

पहाटे आपण निघालो तेव्हा ती माझ्या शेजारी गाडीत मागं बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत घडी केलेलं पातळ, परकर, पोलकं, टॉवेल, साबणाची डबी. बसली होती ती अंग चोरून, कुणाला धक्का लागू नये अशी, जशी शिवाशीव पाळणारी माणसं बसत. वाटेत देवळाशी गाडी हळू झाली तेव्हा तिनं हात जोडले नाहीत. कानाशी येऊन मला म्हणाली, "मी पारोशी उंबरा ओलांडला, ताई. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा." तुम्ही पुढं बसून बंबात जाळायला करवंट्या पुरतील की नाही याची काळजी करत होतात.

होडीत तुम्ही आम्हा दोघींना डाव्या बाकावर बसवलंत. मला वाटलं, तिकडून देखावा चांगला दिसतो. तुम्ही म्हणालात, नाही, बंबाचा तोल सांभाळायला. आम्ही दोघी म्हणजे वाळूच्या गोण्या. मोटर लावून आत गेलात, नांगर टाकलात. आणि नांगर टाकलेली होडी जे करते ते तिनं केलं. वाऱ्याकडं तोंड फिरवलं. उन्हाळ्यातला वारा पश्चिमेचा. म्हणजे नाक पश्चिमेला, सूर्य आमच्या पाठीमागं, तुमचा आग्नेय कोपरा वायव्येला, आणि त्या कोपऱ्यातल्या बंबाचा सगळा धूर सरळ आमच्या तोंडावर. तो सूर्योदय मी पदराच्या एका भोकातून पाहिला. पाणी गुलाबी झालं होतं, पलीकडं बगळे उतरत होते, खरंच सुंदर होतं. चंद्रभागाबाईंनी एकदा मान वळवून पाहिलं आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते तुम्ही पाहायला हवं होतंत. तुम्ही वाकून फुंकत होतात.

पाणी तापलं. तुम्ही तोटी सोडलीत, बादलीत वाफाळतं पाणी पडायला लागलं. गार पाणी मिसळून, हात घालून, पुन्हा मिसळून, ते तुम्ही अगदी तिच्या गुडघ्यांना हवं तसं केलंत. मग उभे राहिलात. मी तुम्हाला कारखान्याच्या निरोप समारंभात हार घातलेला पाहिला आहे, तेव्हाही तुम्ही इतके ताठ नव्हता.

"घे," म्हणालात. "कर आंघोळ."

बाई पिशवी घेऊन उठली. तिच्या उठण्यानं होडी उजवीकडं कलली, जाळीतला एक निखारा फळीवर पडला, तुम्ही तो तांब्यानं विझवलात. ती बादलीपाशी गेली आणि थांबली. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. एका बाजूला फुगवलेल्या ट्यूबवर बसून दोन कोळी जाळं ओढत होते. काठावर पक्ष्यांचे फोटो काढणारी माणसं आली होती, हातभर लांब कॅमेरे घेऊन. मधली खोली लाकडं आणि करवंट्यांनी भरलेली, आणि तिच्यात उभं राहता येत नाही. मग तिनं तुमच्याकडं पाहिलं. मोठ्यानं नाही, तुमच्या गावच्या बोलीत, घरच्यासारखं विचारलं.

"न्हानी कोठे शे?"

आहेर, मोजून पाहा.  गीझर, कॅन, वेटोळी, बॅटरी, बंब, बैठक, पट्टा, धुराड्याची टोपी, सांडपाण्याची नळी, आठ दिशा. आणि या सगळ्यात एक बाई कपडे काढून आंघोळ करणार आहे, तिला चार बाजूंनी आडोसा लागेल, हे तुमच्या डोक्यात एकदाही आलं नाही. तुम्ही पाणी तापवत होतात. त्या पाण्याखाली कोणी बसलेलं तुम्हाला कधी दिसलंच नाही.

मग तुम्ही म्हणालात, "मी तिकडं तोंड करून बसतो."

मी म्हटलं, "आणि ते जाळंवाले?"

"त्यांनाही सांगतो," म्हणालात, आणि खरोखर हात वर करून हाक मारायला निघालात. बाईनं तुमचा हात धरून खाली केला. तुम्हा दोघांचा एकमेकांना हात लागलेला मी तेवढाच पाहिला.

तिनं आपल्या पायांवर दोन तांबे ऊन पाणी घेतलं. हात धुतले, तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि येऊन माझ्याशेजारी, आपल्या गोणीच्या जागी बसली. चहाचं आधण ठेवलेलं होतं, तुम्ही दोनदा विचारलंत. ती नको म्हणाली नाही, फक्त कप हातात घेतला नाही. मी एरवी प्यायले असते, त्या दिवशी मलाही गेला नाही. बंब आपला खदखदत राहिला. परत येताना तुम्ही शिडं सोडायचं म्हणालात, पण वाऱ्यात जाळीतले निखारे फुलले होते, म्हणून मोटरच लावलीत.

घरी आल्यावर ती चप्पल काढून सरळ न्हाणीत गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता, तुमचं दार उघडं होतं म्हणून मला ऐकू आलं. आणि ठरल्या दिवशी ती पुण्याला गेली.

जायच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या दारात आलात. आत या म्हटलं तर आला नाहीत. म्हणालात, हनीफभाईंशी बोललोय, ताडपत्रीचा आडोसा करतो, चार कांबी, वरून कड्या, उलगडला की खोली, मिटला की काठी. ती दिवाळीला येईल तेव्हा तयार असेल. फक्त उंची किती ठेवायची ते कळत नाही. तिच्या खांद्याला हवी की डोक्याच्या वर. "तेवढं तिला विचारून द्या मॅडम."

मी म्हटलं, ती तुमच्या आतल्या खोलीत आहे, पिशव्या बांधतेय. तुम्हीच जाऊन विचारा.

"तुम्हाला सांगेल ती."

"तुम्हाला का नाही सांगणार? विचारून तर बघा. जन्मात एकदा तिला काही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथं उभे राहा."

तुम्ही मान हलवलीत. पण जिन्यावरून खाली गेलात, घरात नाही. आणि संध्याकाळपर्यंत पार्किंगमध्ये कांबी ठोकून सरळ करण्याचा आवाज येत होता.

दिवाळीला ती आली नाही, आरोहीला ताप होता. संक्रांतीला येईन म्हणाली होती, तेही राहिलं. मला तिचा रविवारी फोन येतो. नातीचे दात, सुनेची नोकरी, लिफ्ट बंद पडली ते, पाणी कधी येतं ते, सगळं सांगते. होडीबद्दल ती विचारत नाही. मीही उंचीचं काढत नाही, कारण तो प्रश्न माझा नाही. तुम्हीही तिच्याशी रोज बोलता, भिंतीतून ऐकू येतं मला. जेवलीस का, औषध घेतलंस का. पुढचं येत नाही.

कांबी तुमच्या बाल्कनीत उभ्या आहेत, लांबच्या लांब, न कापलेल्या. कुठं कापायच्या ते ठरायचंय. काल मी भाजी घेऊन येत होते आणि तुम्ही जिन्यात आडवे आलात. "मॅडम," म्हणालात, "तेवढं उंचीचं विचारलंत का?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत?"

तुम्ही बाजूला झालात. मी वर आले.